खदानीतला पेरिस्कोप

आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, समुद्र पाहिलेला नव्हता. मुंबईला ते कधी गेले नव्हते, आणि पाण्याशी त्यांची जी काही ओळख होती ती सगळी विहिरींतली. औरंगाबादेपासून पार गंगापूर-वैजापूरपर्यंत विहिरींच्या काठावर जी ऑइल इंजिनं दिवसभर फटफटत असत, त्यांतली कितीतरी नानांच्या हाताखालून गेलेली. कुठं पंपानं पाणी सोडलं, कुठं पट्टा तुटला, की शेतकरी आमच्या दाराला सायकल टेकवून उभा राहायचा आणि नाना पान्यांची पिशवी कॅरिअरला लावून निघायचे. हे काम ते निजामाच्या काळात एका उस्तादाच्या हाताखाली शिकले होते. पोलीस ॲक्शननंतर सरकार बदललं, शाळेतली भाषा बदलली, पण लोखंड घट्ट धरायच्या व्हाइसला नाना शेवटपर्यंत शिकंजाच म्हणाले. अशा माणसानं पाणबुडी बांधायला घेतली, याचं खापर आई एका बेअरिंगवर फोडायची. मुंबईहून पार्सलनं आलेलं ते बेअरिंग कुठल्याशा इंग्रजी मासिकाच्या पानात गुंडाळलेलं होतं, आणि पानावर पाणबुडीचं उभं कापून दाखवलेलं चित्र होतं. नानांनी बेअरिंग बाजूला ठेवलं आणि ते पान तळहातानं दाबून दाबून सरळ केलं. ज्याचं इंजिन होतं तो शेतकरी त्या दिवशी तासभर ताटकळत बसला.

औरंगपुऱ्यात आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागच्या बाजूला पत्र्याचं शेड. सकाळी मी भाकरी थापल्याच्या आवाजानं जागी व्हायचे, आणि ती थपथप थांबायच्या आत शेडमधून कानशीची खरखर सुरू व्हायची. घरात येसराच्या आमटीचा वास आणि शेडात काळ्या ऑइलचा, आणि दोन्हींच्या मधे एक किलतानाचा पडदा. पडद्याच्या अलीकडं आईचं राज्य होतं, पलीकडं नानांचं. मी दोन्हीकडची. कॉलेजात सायन्सला नाव घातलं होतं, वर्गात मुली मोजून चार. संध्याकाळी कॉलेजातून आले की पडद्यापलीकडं जाऊन नानांच्या हाताला पाना द्यायचा आणि अलीकडं येऊन आईच्या हाताला परात. नाना जेवायला बसले की राखेनं घासघासून हात धुवायचे, तरी त्यांनी भरवलेल्या घासाला ग्रीसचा वास यायचाच. तो वास मला अजून कुठं आला, एखाद्या गॅरेजवरून जाताना, तर भूक लागते. हसण्यासारखंच आहे, पण लागते.

पाणबुडीचं अंग एका बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीतल्या टाकीचं होतं. आडवी टाकी, दोन्ही तोंडांना जाड पत्र्याच्या टोप्या, आणि पाठीवर माणूस आत उतरण्याएवढं उंचावलेलं तोंड, त्याला झाकण आणि एक छोटी काच; नाना त्याला मदार म्हणायचे. आत मांडी घालून, मान थोडी वाकवून बसता यायचं. पोटाखालच्या छोट्या टाकीत तोटीनं पाणी घेतलं की ती बुडणार आणि हातपंपानं ते पाणी बाहेर ढकललं की वर येणार. वजनाला खाली रेल्वेच्या जुन्या रुळाचे तुकडे बोल्टानं आवळलेले. हवेसाठी रबरी नळ्या दोन. एकीतून काठावरचा लोहारी भाता हवा आत ढकलायचा, दुसरीतून ती बाहेर निघायची, आणि या दुसऱ्या नळीला तोंड लावून आतल्या माणसाला काठावरच्याशी बोलताही यायचं. शिवाय मदाराला बांधलेला दोर थेट काठावरच्या रहाटाला. काही बिनसलंच तर ओढून काढायचं. नानांनी सगळा विचार केला होता. आई मात्र तिला पाणबुडी म्हणायचीच नाही. “जेवायला या, मंग बसा त्या थडग्यापाशी,” असं पडद्याआडून ओरडायची.

सगळं होत आलं आणि एका दुपारी नाना त्या टाकीला टेकून गप्प बसलेले मला दिसले. मी विचारलं, “काय झालं नाना?”

“शके, ही खाली जाईल, वर बी येईल,” ते म्हणाले. “पर खाली गेल्यावर काय? वरचं दिसत नाय ती पाणबुडी नव्हं. ते बुडालेलं पिंप.” मग भिंतीला चिकटवलेल्या त्या मासिकाच्या पानाकडं बोट करून म्हणाले, “ती वरची नळी. ती मला यायची नाय. तू कॉलेजात परकाश शिकायलीस ना? तूच कर.”

त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की जणू कोपऱ्यावरून मीठ आणायला सांगत होते. मी सतरा वर्षांची होते. आजवर कुणी मला सांगितलं नव्हतं की ही गोष्ट दुसऱ्या कुणाला यायची नाही, तूच कर. त्या दुपारी मी जेवले की नाही ते आठवत नाही. प्रकाशाच्या धड्याची पानं मात्र आठवतात, कारण त्यांच्यावर ज्वारीच्या पिठाची बोटं उमटलेली होती.

पहिली नळी मी वहीच्या पुठ्ठ्यांची केली. वर एक आरसा तिरपा, खाली एक आरसा तिरपा. हातभर लांबीची होती तोवर झकास दिसलं. भिंतीआडून मी शेजारच्या गच्चीवरची मिरच्यांची राखण करणारी म्हातारी पाहिली आणि नाचले. पण आम्हाला नळी हवी होती पाच फुटी, आणि रुंदी दोन इंचाच्या वर चालणार नव्हती. तेवढी पितळी नळी नानांना मोडीत सापडली होती. तिच्यात आरसे बसवून पाहिलं आणि माझं तोंड उतरलं. लांबच्या टोकाला रुपयाएवढा उजेडाचा ठिपका, त्यात जग. रस्त्यावरचा माणूस दिसायचा, पण एका वेळी एकतर त्याचं डोकं, नाहीतर पाय. नानांनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “हे म्हंजी रांजणाच्या भोकातून लगीन बघायचं.”

मग मी हबीबचाचांकडं गेले. गुलमंडीच्या एका बोळात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. नाना आणि ते तरुणपणापासूनचे दोस्त. चाचा बारीक, उंच, शेरवानीची सगळी बटणं लावलेले, डोक्यावर टोपी, आणि कधीही घाई न करणारे. उन्हापावसात काळी छत्री हातात. त्यांच्या घरून आमच्याकडं खिचडी-खट्टा यायचा आणि आमच्या घरून त्यांच्याकडं धपाटे. मी माझं दुखणं सांगितल्यावर त्यांनी एक लाकडी पेटी उघडली. आत मखमलीवर ओळीनं काचा, प्रत्येकीवर नंबर.

“बेटा, ये आँखों के लिए है,” ते म्हणाले, “नळी के लिए नहीं. मगर नळी भी तो देखना ही चाहती है ना?”

पाच नंबरच्या दोन काचा आम्ही कागदाच्या सुरळीत बसवल्या आणि मी ती दुकानाच्या दाराकडं रोखली. एकदम सगळा बोळ आत आला. केवढा! समोरचं अत्तराचं दुकान, त्याची पाटी, पाटीखालची मांजर, सगळं एकाच वेळी. फक्त उलटं. एक सायकलवाला डोकं खाली करून आभाळावरून निघून गेला. चाचांनी पाहिलं, हसले आणि म्हणाले, “तेरे नाना को उल्टा बैठा देंगे.”

मी पुढचे चार दिवस त्या उलट्या सायकलवाल्याला सुलटा करण्यात घालवले. पुस्तकात एक आकृती होती, सगळ्यांनी परीक्षेपुरती पाठ केलेली: भिंगापासून नाभीच्या दुप्पट अंतरावर वस्तू ठेवली तर पलीकडं तेवढ्याच अंतरावर तिची तेवढीच, पण उलटी प्रतिमा पडते. चौथ्या दिवशी वर्गात बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं! मधे आणखी एक काच घालायची. वर पाच नंबर, मधे चार नंबर, खाली पाच नंबर. पाच नंबरची नाभी वीसवर, चार नंबरची पंचवीसवर; वहीच्या मागच्या पानावर मी अंतरं मांडली: वीस, पन्नास, पन्नास, वीस सेंटिमीटर. बेरीज एकशे चाळीस. दोन टोकांच्या आरशांची जागा सोडली तर आमची पाच फुटी नळी बरोबर तेवढ्याचीच भुकेली होती! मी तास संपायची वाट न पाहता उठले आणि सरांनी विचारलं तेव्हा पोटात दुखतंय असं खोटं सांगितलं. तिथून थेट गुलमंडी, पळत, पदर कमरेला खोचून. चाचांनी घरातल्या जुन्या बेल्जियम आरशाचे दोन लंबगोल तुकडे कापून दिले, काचा दिल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ग्राहक बसलेला सोडून दुकानाबाहेर पडले. शेडमध्ये आम्ही तिघांनी नळी भरली. मी खालच्या टोकाला डोळा लावला आणि पत्र्याच्या भिंतीवरून पलीकडचं लिंबाचं झाड पाहिलं. पानं वर, खोड खाली. कडेला थोडा अंधार, रंगांची झालर, पण मधे अख्खं झाड, हलणारं. नानांनी मला बाजूला सारून डोळा लावला आणि ते इतका वेळ पाहत राहिले की चाचा म्हणाले, “अरे भाई, हमारा भी नंबर आने दो.”

नळी टाकीच्या पाठीतून आत न्यायची, ती चारी दिशांना फिरली पाहिजे आणि तिच्या कडेनं पाण्याचा थेंब आत येता कामा नये, ही कामगिरी नानांची. पंपाच्या दांड्याभोवती जसा ग्लँड असतो, ग्रीस लावलेली सुताची दोरी वेटोळी करून ठासलेला, तसाच त्यांनी नळीभोवती केला. हे ते डोळे मिटून करू शकत होते.

पडेगावच्या अंगाला एक सोडून दिलेली दगडाची खदान होती. पावसाळ्यात भरायची आणि उन्हाळ्यापर्यंत तिच्यात दोन पुरुष पाणी राहायचं, निळसर, स्वच्छ. एका बाजूला खडकाचा सुळका पुढं आलेला, त्यामुळं खदानीला कोपरासारखं वळण पडलेलं. एका काठावरून वळणापलीकडचं पाणी दिसत नसे. गंगापूरचा माझा किसनमामा, आईचा धाकटा भाऊ, बैलगाडी घेऊन आला. गोदावरीत पोहून वाढलेला गडी, पण पाणबुडीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. भल्या सकाळी आम्ही तिला पाण्यात सोडली. नाना आत बसले, झाकण आवळलं, आणि पाण्यावर फक्त पितळेची नळी राहिली, वळलेल्या मानेच्या बगळ्यासारखी. मी हवा बाहेर यायच्या रबरी नळीला तोंड लावून ओरडले, “नाना, काय दिसतं?”

आतून आवाज आला, “धुकं.”

वर आल्यावर पाहिलं तर नळीच्या आतून सगळ्या काचांवर दव. पुन्हा पुसल्या, पुन्हा बंद केल्या, पुन्हा धुकं. घरी आल्यावर मी चिडून बोलत होते आणि आई गच्चीवर कुरडयांची चादर गुंडाळत होती. तिनं एकदाही त्या नळीकडं पाहिलं नव्हतं. तिनं विचारलं, “ते नळीचं झाकण कव्हा लावलं म्हणलीस?”

“सकाळी. पाण्यापाशीच.”

“मंग ओल धरणारच. कुरडया सकाळच्या गारव्यात डब्यात भरल्या तर महिन्यात वास मारतात. भर दुपारी, उन्हात तापल्यावर, हाताला चटका बसताना भरायच्या. तुमच्या नळीला काय निराळा न्याय हाय व्हय?”

मी तिच्याकडं पाहतच राहिले. आमच्या प्राध्यापकांनी आर्द्रतेवर दोन तास घेतले होते. दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी नळी उघडी करून पत्र्यावर तापवली आणि फडक्यानं धरून बंद केली. त्यानंतर तिच्यात कधी धुकं धरलं नाही.

पण दुसऱ्या खेपेला वेगळंच झालं. नाना आत बसले, पाणी घेतलं, आणि बुडता बुडता पाणबुडी एका कुशीवर वळायला लागली. नळी आभाळ सोडून पाण्याकडं झुकली. मामानं रहाट फिरवून त्यांना ओढून काढलं तेव्हा नानांच्या कपाळाला खोक पडली होती. काय चुकलं ते मला त्याच संध्याकाळी कळलं. पितळेची नळी आणि ओतीव ग्लँड, एवढं वजन मूळ हिशेबात नसताना आम्ही पाठीवर चढवलं होतं; पहिल्या खेपेला नाना हलले नाहीत म्हणून निभावलं होतं. शिवाय आत नाना बसलेले, धिप्पाड माणूस. डोकं जड, पाय हलके. आतला माणूस हलका असला तर तेवढंच जास्तीचं लोखंड तळाला लावता येईल आणि ती सरळ राहील. मी आकडे तीनदा तपासले. मामा नानांपेक्षाही जड. चाचा हलके, पण त्यांचे गुडघे आत मुडपणार नव्हते. उरलं कोण?

दोन दिवस मी ती वही उशाखाली ठेवली. भीती होती, नाही असं नाही, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मला हाव जास्त होती. ती नळी माझी होती. तिसऱ्या दिवशी जेवताना मी सांगून टाकलं. नाना भाकरी मोडायचे थांबले. आईनं तवा खाली उतरवला.

“नाय,” आई म्हणाली.

“आई, दोर हाय, नळ्या हायेत, मामा हाय...”

“नाय म्हणले ना!”

नाना हळू आवाजात म्हणाले, “तिचं बरोबर हाय. हिशेब बरोबर हाय. पर मी बी नायच म्हणतो.”

मी रडले नाही. मी म्हणाले, “मग कशाला मला करायला लावली नळी? दुसऱ्यानं बघितलेलं ऐकायला?” आई उठली आणि भांडी गोळा करता करता माझ्याकडं न बघता म्हणाली, “जाणार असंल तर मी संगं येणार. काठावर. आन दोराची गाठ मी बघणार.”

त्या रविवारी आईनं दोराची गाठ खरंच पाहिली. एकदा सोडून तिनं स्वतः पुन्हा मारली. नानांनी तळाला रुळाचे तुकडे वाढवले होते. मामा म्हणाला, “आतून ही काय बी सांगंल, दिसलं म्हणून. आपण कसं मानायचं?” तेव्हा हबीबचाचा छत्री टेकत उठले. “मैं उस चट्टान के पीछे जाता हूँ. इधर से किसी को नज़र नहीं आऊँगा. वहाँ मैं कुछ करूँगा. बिटिया बाहर आके बताएगी क्या किया.” सगळ्यांना हे पटलं, कारण पाणबुडी वळणाच्या तोंडाशी उतरणार होती आणि तिथून दोन्हीकडचं पाणी दिसत होतं. चाचा वळसा घालून सुळक्यामागं गेले आणि दिसेनासे झाले.

झाकण बंद झाल्यावर पहिल्यांदा अंगावर आला तो आवाज. माझाच श्वास, टाकीभर. मग भात्याचा उसासा, नळीतून येणारी हवा, तिला रबराचा आणि उन्हाचा वास. मी तोटी उघडली. पाणी खळखळत आलं, पाणबुडी जड झाली, डुचमळली, आणि सरळ, अगदी सरळ खाली बसत गेली. कुठं कलली नाही. मदाराच्या छोट्या काचेतून हिरवा उजेड वर चढत गेला आणि मग सगळीकडं हिरवंच झालं. मी नळीच्या टोकाला डोळा लावला.

आणि वर रविवार चालू होता! लख्ख ऊन, काठावर मामा रहाटाला धरून, नाना भात्यापाशी बसलेले, आई कपाळावर आडवा हात धरून उभी. इतके स्पष्ट की आईच्या काकणांचा हिरवा रंग दिसत होता. मी पाण्याखाली होते आणि मी त्यांना पाहत होते, आणि त्यांच्यातलं कुणीही मला पाहू शकत नव्हतं. मी दुसऱ्या नळीत ओरडले, “दिसतंय! नाना, सगळं दिसतंय!” नानांनी भाता सोडून दोन्ही हात वर केले ते मला दिसलं, आणि त्यांनी लगेच घाबरून भाता पुन्हा धरला तेही दिसलं.

मी नळी फिरवली. खडक, बाभळी, आभाळात एक घार, मग सुळका, आणि सुळक्यापलीकडं चाचा. त्यांनी आधी इकडं तिकडं पाहिलं. मग छत्री उघडली. मग त्या गंभीर, सगळी बटणं लावलेल्या माणसानं छत्री डोक्यावर गरागरा फिरवली आणि नाचायला सुरुवात केली. एक पाय उचलून, गिरकी घेऊन, लहान पोरासारखे. मी आत एकटी खदखदून हसत होते. आणि दुसऱ्या गिरकीला त्यांच्या पायाखालचा मुरूम सरकला. छत्री एकीकडं गेली, चाचा दुसरीकडं. पाण्यात. काठावरच्यांना पाणी उडालेलंही दिसलं नसणार.

चाचांना पोहता येत नव्हतं.

मी बोलायच्या नळीत ओरडले, “चाचा पडले! पाण्यात! सुळक्यामागं!” काठावर नाना उठून उभे राहिले, त्यांना वाटलं पाणी माझ्याकडं शिरलं. मामानं रहाट धरला. मी पुन्हा, घसा फाटेस्तोवर, “मला ओढू नका! चाचा! खडकामागं! पळा!” मग ते समजले. दोघंही पळाले. मामा धावता धावता सदरा काढत होता. काठावर भाता तसाच पडला, फुगा उतरल्यासारखा.

हवा थांबली हे मला कळलंच नाही. मी नळी सुळक्याकडं रोखली होती. चाचांचा एक हात वर आला, बुडाला, परत आला. मामा अजून वळणाअलीकडंच होता. तेवढ्यात भात्याचा उसासा पुन्हा सुरू झाला, अडखळत, मग नेमानं. आणि दुसऱ्या नळीतून, अगदी कानापाशी, आईचा आवाज.

“शके, मी हाय.”

“आई, मामा कुठं पोचला ते मला दिसतंय.”

“सांग. मला हितून काय बी दिसत नाय. तू बघत राह्य आन सांगत राह्य.”

मी सांगत राहिले. मामानं खडकावरून उडी टाकली. मामा हात मारतोय. चाचा दिसत नाहीत. दिसले, टोपी दिसली, नुसतीच टोपी. मामा बुडाला. आई, मामा खाली गेला. आई भाता मारत होती, श्वास लागला होता तिला, पण भाता चुकत नव्हता. “मंग?” ती म्हणत होती. “मंग?” आणि मग मामाचं डोकं वर आलं, आणि त्याच्या काखेत शेरवानीची कॉलर. “धरलं, आई! धरलं!” नाना काठावर आडवे पडून हात देत होते. दोघांनी मिळून चाचांना ओढून घेतलं, पालथं घातलं, आणि त्यांच्या पाठीवर नाना अशा थापा मारत होते जशी आई भाकरी थापते. चाचांचा पाय हलला. ते मी सांगितलं तेव्हाही भाता चालूच राहिला.

पाणी पंपानं काढून मी वर आले तेव्हा माझ्या उजव्या डोळ्याभोवती पितळेचं वर्तुळ उमटलं होतं. चाचा कांबळं पांघरून बसले होते, दात वाजत होते. मामानं विचारलंच, “बोल, काय करत व्हते ते?” चाचांनी माझ्याकडं पाहिलं. तसं केविलवाणं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, “छत्री उघडली.” “बरोबर,” चाचा म्हणाले. “बिल्कुल बरोबर.” ते नाचले होते हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. आता त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली की ते रागावणार नाहीत, आणि मला वाटतं, ते कुणीतरी पाहिलं होतं ही गोष्ट कुठंतरी नोंदलेली असावी.

घरी आल्यावर आईनं धपाटे केले. तिच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते, पीठ मळताना ती ओठ दाबून धरत होती. सगळे मोठमोठ्यानं बोलत होते, मामा तर तीच उडी पाचव्यांदा सांगत होता. नाना मात्र ताटाला हात लावेनात. शेवटी म्हणाले, “मी पोरीला पाण्याखाली सोडून पळालो.”

“सोडून कशाला? मी व्हते की तिथं,” आई म्हणाली.

“तू व्हतीस. पर मला ते ठाव नव्हतं. मी मागं वळून बघितलंच नाय.” त्यांनी खोटं बोलून सुटका करून घेतली असती तर कुणालाही कळलं नसतं. आईनं एक धपाटं त्यांच्या ताटात टाकलं आणि म्हणाली, “आता ठाव झालं ना? जेवा.” आणि पाठ वळवता वळवता, जणू आत्ताच सुचल्यासारखं, “पुढच्या रविवारी मी जाणार हाय. हात बरे हुतील तोवर. भाता तुम्ही मारायचा.”

आम्हाला वाटलं ती चिडवते आहे. पण रविवारी ती पहाटेच उठून तयार होती. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला, काकणांना फडकं गुंडाळलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मदारात उतरली. वजन तिचं माझ्याएवढंच. तोटी कुठली, पंप कुठला, मी सांगायला लागले तर म्हणाली, “बघितलंय मी पडद्याआडून.” झाकण बंद झालं. पाणबुडी खाली बसली. नाना भात्यापाशी असे बसले होते की भूकंप झाला असता तरी उठले नसते.

पितळी नळी हळूहळू फिरली. रहाटाकडं, बाभळींकडं, डोंगराकडं. मग आभाळाच्या कडेशी थांबली आणि तिथंच राहिली. बराच वेळ गेला. भाता मारता मारता नाना वाकले आणि नळीत ओरडले, “अगं, काय दिसतंय? सांग की!”

नानांनी पुन्हा हाक मारली. तेव्हा खालून, पाण्यातून, रबराच्या नळीतून आईचा आवाज आला, सावकाश आणि थोडा वैतागलेला.

“गप बसा जरा. बघू द्या मला.”